नवी लँग्वेज वीकेंडला येते का? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, थँक्स. तुमचं म्हणणं असं की दहा वर्षं कोड लिहिणाऱ्याला नवी लँग्वेज वीकेंडला यायला हवी, सिंटॅक्स (लिहायचे नियम) तेवढा बदलतो, आणि रस्ट ही प्रोग्रामिंग लँग्वेज शिकण्यावरच्या लेखात 'रस्टला तीन महिने लागले' असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतोय.

अर्धं पटलं. लूप, रिकर्शन, हॅशमॅप अशा मूळ कल्पना, बग कुठे दडला असेल याचा अंदाज, हे सगळं सोबत येतंच, पायथनवरून 'गो' या लँग्वेजवर गेलो तेव्हा मीही आठवड्याभरात कामाचा कोड लिहायला लागलो होतो. रस्टला तसं झालं नाही, आणि का ते लेखात नीट उतरलं नाही बहुतेक.

रस्टकडे मी जावावरून आलो. जावात 'अ' नावाची लिस्ट आहे, 'ब = अ' केलं, तर दोन्ही नावं एकाच लिस्टची, कुठलंही वापरा. रस्टमध्ये व्हेक्टरचं (तिथली लिस्ट) हेच केलं की मालकी 'ब'कडे जाते, मग 'अ' प्रिंट करायला गेलात की कंपायलर (कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) ई०३८२ ही एरर देऊन अडवतो. ओळ जवळपास तीच! समजायला पाच मिनिटं लागतात हो, पण हाताची सवय जात नाही. मी एरर आली की क्लोन (डेटाची पूर्ण कॉपी) लावायचो, एरर जायची, कोड चालायचा, वाटायचं जमलं. मग रिव्ह्यूत एकाने विचारलं, लूपच्या प्रत्येक फेरीत अख्खा व्हेक्टर का कॉपी करतोयस, फंक्शन नुसतं वाचतंय तर रेफरन्स (मालकी न देता नुसता वापरायला) दे ना. तेव्हा कळलं की मी इतके दिवस रस्टच्या सिंटॅक्समध्ये जावाच लिहीत होतो.

हा डेटा कोणाचा, कोण नुसता वाचणार, कोण बदलणार, हे जावातल्या गार्बेज कलेक्टरमुळे (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी सोय) मी कित्येक वर्षं स्वतःला विचारलंच नव्हतं, ते आपोआप सुचायला लागेपर्यंत तीन महिने गेले. पण मिळालं काय बघा, फॉर-ईच (लिस्टमधल्या एकेका आयटमवरून जाणारा लूप) चालू असताना त्याच लिस्टमधून आयटम काढला की जावात रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन नावाचं एरर येतं, तेही दर वेळी येईलच असं नाही, रस्टमध्ये तसा कोड कंपाइलच होत नाही. यासाठी मी अजून तीन महिने दिले असते, खरंच.

तुम्ही सी प्लस प्लसवाले असाल तर मूव्ह (डेटाची मालकी अशी दुसरीकडे देणं) तिथे २०११ च्या स्टँडर्डपासून आहे, तुम्हाला हे पटकन जमलं असेल. तसं असेल तर सांगा, तीन महिन्यांच्या वाक्यात 'जावावरून येणाऱ्याला' एवढं मी लगेच टाकतो.