बिटाच्या रसानं रक्त भरत नसतं, अक्का

माझी भाची पलूसला माहेरी आलीय. सहावा महिना, पहिलंच बाळंतपण, हिमोग्लोबिन ८.४. आणि अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, तिच्या लाल गोळ्या बंद केल्या! कशावरून, तर भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘सरकारी लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, फार मोठं होऊन सिझर करावं लागतं, पुढं मूल राहत नाही. त्यापेक्षा बिटाचा रस आणि गूळ-शेंगदाणे घ्या, महिन्यात रक्त भरेल.’

बाळाचा रंग आईबापाकडून येतो. गोळीनं काळी होते ती संडास, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रंगाच्या धास्तीनं पोरीचं रक्त कमी ठेवायचं, याचा मला संताप येतो. सिझरचंही तसंच: रक्त कमी असलं की बाळ मोठं नव्हे, कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आत होण्याचा धोका वाढतो. आणि मूल न राहण्याचं म्हणाल, तर या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पाळणा थांबवणारं त्यात काहीच नाही.

आता बीट. घरोघरी हेच चाललंय, म्हणून नीट हिशेब करू. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला दिवसाला २७ मिलिग्रॅम लोह लागतं. शंभर ग्रॅम बिटात ते एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. म्हणजे पावणेतीन किलो बीट रोज खाल्लं तरी भागणार नाही, आणि भाजीपाल्यातलं लोह अंगी लागतं तेही थोडंच. बिटाचा लाल रंग लोहाचा नाहीच. गूळ-शेंगदाणे खावेत, पण ८.४ वरून वर यायला ते पुरे पडत नाहीत, आणि हातात तीनच महिने आहेत.

रक्त कमी असलं की काय होतं? पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियातल्या, आधीच रक्त कमी असलेल्या १०,५६१ बाळंतिणींचा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मध्यम ॲनिमिया, म्हणजे रक्ताची कमतरता, असलेल्यांत बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव ६.२ टक्के जणींना झाला, तीव्र ॲनिमिया असलेल्यांत ११.२ टक्के जणींना. अंगात मुळात रक्त कमी, त्यात ते जास्त जाणार. माझी भाची आज मध्यम गटात आहे. गोळ्या बंद ठेवून तिला खाली ढकलायचं का?

एक मात्र खरं. गोळीनं मळमळतं, पोट कडक होतं. भाचीलाही झालं, आणि त्यावर तिला कुणी धड सांगितलं नाही. म्हणूनच तो मेसेज पटला. त्यावर उपाय आहेत: रात्री जेवणानंतर घ्यायची, लिंबूपाण्याबरोबर चालेल, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही.

अक्का, येत्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. तिला मी घेऊन जाणार आहे. तोवर ते पाकीट कपाटातून काढ आणि आज रात्रीपासून तिच्या हातात गोळी दे.