नुसती लिंक नको, बोलून सांगा

दर आठवड्याला नवीन काय ऐकलं, काय वाचलं ते एकमेकांना सांगत जा असं लेखात म्हटलंय ते एकदम पटलं. आम्ही परभणीत चौघी मैत्रिणी हेच करतो, नोकरी, पोरांचे डबे, सासूबाईंचं औषधपाणी ह्यातून जमेल तेवढं, रविवारी रात्री व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाकायची बस. नुसती लिंक टाकलेली कुणी उघडत नाही हो, काय आवडलं ते आपल्या तोंडानं सांगावं लागतं.

ह्या वेळी मी पारीच्या (खेड्यापाड्यातल्या माणसांच्या गोष्टी जपणारी संस्था) वेबसाईटवरच्या जात्यावरच्या ओव्या सांगितल्या. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेलं काम आहे ते, १ लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्यात! माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या तर ऐकाच, ना पेटी ना तबला, नुस्ता आवाज, अन् अंगावर काटा येतो.

वाचायला आसाराम लोमटेंचा 'आलोक' घेतलाय, २०१६ चा साहित्य अकादमी मिळालेला, आपल्या परभणीचेच की ते. स्वयंपाक उरकला की ओट्यापाशीच उभ्यानं दोन-चार पानं होतात, पण गावातली माणसं अशी लिहिलीत की पुस्तक खाली ठेववत नाही.

बीड, लातूरकडचं कुणी असेल तर सध्या काय ऐकताय ते लिहा ना इथं.