ताऱ्यांचे नकाशे कल्पनेतले नाहीत

ताऱ्यांच्या पृष्ठभागाचे जे रंगीत नकाशे प्रसिद्ध होतात, ते संगणकावर रंगवलेली चित्रे आहेत, असे सांगणारा एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे. तारा ठिपक्यासारखा दिसतो, चुंबकत्व लांबून मोजता येत नाही, रंग खोटे आहेत, गणितातून हवे ते काढता येते आणि ताऱ्यात पारा असणे अशक्य आहे, अशी कारणे त्यात दिली आहेत. आकाशदर्शनाला नियमित येणारी माणसेही तो पुढे पाठवत आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

‘सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही तारा ठिपकाच दिसतो.’ बहुतेक ताऱ्यांबाबत हे खरे आहे. श्यामशबल तारकासमूहातला आल्फा-२ हा तारा सुमारे ११५ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याची तबकडी एका विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) हजाराव्या भागाहूनही लहान भरते, आणि हबल दुर्बिणीला विकलेच्या साधारण विसाव्या भागापर्यंतचाच तपशील वेगळा दिसतो. पण तबकडी पाहिली, असे नकाशा काढणारे म्हणतच नाहीत. ते पाहतात वर्णपट, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड. तारा स्वतःभोवती फिरताना त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. येणाऱ्या कडेचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, जाणाऱ्या कडेचा तांबड्याकडे. त्यामुळे मूलद्रव्याने प्रकाश शोषल्याने वर्णपटात पडलेली काळी रेषा रुंदावते, आणि त्या रुंदीतला एकेक भाग तबकडीवरच्या एकेका उभ्या पट्टीतून आलेला असतो. पृष्ठभागावर एखाद्या जागी क्रोमियम जास्त असेल, तर क्रोमियमच्या रेषेत त्या पट्टीच्या ठिकाणी खळगा पडतो. तारा फिरेल तसा हा खळगा निळ्या बाजूकडून तांबड्या बाजूकडे सरकत जातो. विषुववृत्ताजवळचा डाग रेषेची जवळजवळ सगळी रुंदी ओलांडतो, ध्रुवाजवळचा डाग मधल्या मध्येच राहतो. रेखांश कळतो वेळेवरून, अक्षांश कळतो सरकण्याच्या पल्ल्यावरून. आल्फा-२ची एक फेरी ५.४७ दिवसांची असते, म्हणून वेगवेगळ्या रात्री वर्णपट घेतले की त्याच्या सगळ्या बाजू समोर येतात. खगोलशास्त्रज्ञ आर्मिन डॉइच यांनी १९५०च्या दशकात अशा ताऱ्यांच्या रेषांवरून पृष्ठभागाची मांडणी काढायला सुरुवात केली. ग्राफिक्सचा आरोप करणाऱ्यांनी तेवढी तारीख तरी पाहावी.

‘चुंबकत्व मोजायला तिथे जावे लागेल.’ नाही लागत, प्रकाशच ती खबर घेऊन येतो. चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटते आणि तिचे घटक ध्रुवित होतात, म्हणजे त्यांच्या प्रकाशलहरींच्या कंपनाला ठरावीक दिशा किंवा फिरत मिळते, हे भौतिकशास्त्रज्ञ पीटर झेमन यांना १८९६मध्ये प्रयोगशाळेत आढळले. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी १९०८मध्ये त्याच खुणेवरून सूर्यडागांतले क्षेत्र ओळखले आणि १९४७मध्ये होरेस बॅबकॉक यांनी ते कन्या तारकासमूहातल्या ७८ क्रमांकाच्या ताऱ्यात दाखवले. ताऱ्याच्या रेषा फिरण्यामुळे आधीच रुंद असतात, फूट सहसा उघड दिसत नाही. म्हणून डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाचे वर्णपट वेगळे घेऊन त्यांची वजाबाकी करतात. उत्तर आणि दक्षिण ध्रुवत्वाचे दोन पट्टे तबकडीवर एकाच वेळी असले, तर त्यांचे संकेत एकमेकांना खोडून काढतील, ही शंका रास्त आहे. पण फिरणाऱ्या ताऱ्यावर ते पट्टे वेगवेगळ्या वेगाने येत-जात असतात, त्यामुळे त्यांचे संकेत रेषेत वेगवेगळ्या जागी पडतात आणि पूर्ण खोडले जात नाहीत. खगोलशास्त्रज्ञ मेयर सेमेल यांनी १९८९मध्ये यावरच पद्धत उभी केली. अगदी लहान, शेजारशेजारचे पट्टे मात्र हातातून सुटतात.

रंग कृत्रिम असतात, हे मान्यच आहे. भूगोलाच्या नकाशातला डोंगरही तपकिरी नसतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप गणिताचा आहे. तोच वर्णपट एकाहून जास्त नकाशांतून निघू शकतो, हे खगोलशास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. म्हणून निरीक्षणांशी जुळणाऱ्या नकाशांपैकी सर्वांत साधा निवडण्याची अट गणितात घालावी लागते, आणि ही अट कितपत भरवशाची यावर त्यांच्यातच खडाजंगी झाली आहे. ध्रुवावरच्या डागांचेच पाहा. वेगाने फिरणाऱ्या थंड ताऱ्यांच्या नकाशांत ध्रुवावर मोठा काळा डाग वारंवार येई. सूर्यावर असे काही नसते, म्हणून हा पद्धतीचाच दोष असावा, असे काहींनी गंभीरपणे मांडले. मग पडताळ्यासाठी देवयानी तारकासमूहातला झीटा हा तारा निवडला गेला. तो राक्षसी तारा आहे, त्याची तबकडी सुमारे अडीच सहस्रांश विकलेची. अमेरिकेतल्या माउंट विल्सनवरच्या ‘चारा’ या सहा दुर्बिणींच्या जाळ्यात, ३३० मीटरपर्यंतच्या अंतरावरच्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून, २०११ आणि २०१३ साली त्याच्या पृष्ठभागाची प्रतिमा मिळवली गेली. इथे वर्णरेषांच्या सरकण्याचा संबंध नव्हता, पद्धत सर्वस्वी वेगळी होती. ध्रुवावरचा डाग दोन्ही वर्षी दिसला. २०१६मध्ये हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या मते या एका पडताळ्याने कल्पनाचित्राचा आरोप निकालात निघतो.

राहिला पारा. तारा मुख्यतः हायड्रोजन-हेलियमचाच, पण जड मूलद्रव्ये थोडीथोडी त्यात असतातच. सूर्याच्या बाहेरच्या थरात ती सतत ढवळली जातात. काही उष्ण, संथ फिरणाऱ्या ताऱ्यांत हे ढवळणे जवळजवळ नसते. तिथे गुरुत्वाकर्षण काही मूलद्रव्यांना खाली बसवते, तर ज्यांचे अणू प्रकाश जास्त शोषतात त्यांना किरणांचा दाब वर ढकलतो. ही उपपत्ती जॉर्ज मिशो यांनी १९७०मध्ये मांडली. चुंबकीय क्षेत्र असेल तर ते या थरांना ठिकठिकाणी अडवून धरते आणि डाग टिकतात. आल्फा-२चे सुमारे दशकभराच्या अंतराने, वेगळ्या उपकरणांनी केलेले चुंबकीय नकाशे एकमेकांशी जुळतात, म्हणजे ते क्षेत्रही टिकून आहे.

उत्तरा भाद्रपदा नक्षत्रातला आल्फा देवयानी हा तारा याच्या उलट आहे. त्यात पारा सूर्याच्या कित्येक हजारपट आहे, पण चुंबकीय क्षेत्र सापडलेले नाही. सात वर्षांच्या निरीक्षणांवरून २००७मध्ये काढलेल्या नकाशांत त्याचे पाऱ्याचे पट्टे आपली जागा आणि आकार बदलताना दिसले. हा तारा ऑक्टोबरच्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसतो, महाश्व (पेगॅसस) तारकासमूहाच्या मोठ्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यात.