आधी कादंबरी वाचा, मग प्रीक्वेल

परवा मावसभावाचा फोन आला, "दादा, जिम बुचरची ती जादूगार डिटेक्टिव्ह हॅरी ड्रेस्डेनची सिरीज सुरू करायलोय, पण तिच्या आधीची गोष्ट चित्रांत आलीय न्हवं, मग तिथनंच सुरू करू काय?" मी म्हटलं नको गा, अजिबात नको, आणि अर्धा तास का नको तेच सांगत बसलो. म्हटलं इथं पण लिहूया.

'स्टॉर्म फ्रंट' ही पहिली कादंबरी २००० सालची आणि 'वेलकम टू द जंगल' हे ग्राफिक नॉव्हेल आलं २००८ ला. गोष्ट तिच्या थोडी आधीची, शिकागोच्या लिंकन पार्क झूमधली. गार्डचा खून होतो, आळ येतो एका गोरिलावर, आणि पोलिसातली मर्फी हॅरीला बोलावते. आता हॅरी यातनं वाचणार हे वाचकाला आधीच ठाऊक, मग जीव कशात अडकायचा? तर मर्फीचा हॅरीवर विश्वास कितपत बसलाय यात. पण ज्यानं कादंबरी वाचलीच नाही त्याला ती नुसती एक पोलीसबाई आणि हा नुसता लांब कोटवाला उंच माणूस, त्या दोघांमधलं पुढचं सगळं ओझं त्याला दिसणारच नाही की!

मला सगळ्यात पटलेलं प्रीक्वेल म्हणजे किम हॅरिसनचं 'ब्लड वर्क' हे ग्राफिक नॉव्हेल, २०११ चं. तिच्या 'हॉलोज' या मूळ सिरीजच्या कादंबऱ्या सगळ्या रेचल नावाच्या चेटकिणीच्या तोंडनं, "मी अशी, मी तशी", आणि हे मात्र तिची जोडीदार, व्हॅम्पायर आयव्हीच्या बाजूनं, दोघींना नुकतंच एकत्र कामाला लावलंय तेव्हाचं. रेचल बाहेरून कशी दिसते हे तोवर आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. प्रीक्वेल काढायचं तर असं काढावं, नुसतं मागचं साल टाकून तोच माणूस परत पळवण्यात काय अर्थ नाही.

आणि चित्रात शहर लपवता येत नाही बघा. कादंबरीत "तो बाजारातनं गेला" एवढ्यावर भागतं, चित्रकाराला मात्र दुकान काढावं लागतं, दुकानाची पाटी पण. आमच्या बेळगावच्या खडेबाजाराचं एक पान काढायचं म्हटलं तर पाटीवर कन्नड की मराठी हे त्याच चौकटीत ठरवावं लागणार, संवादाच्या फुग्यात गिऱ्हाईक मराठीत बोलणार आणि मागनं कुणीतरी कन्नडात हाक मारणार, आणि दोघांनाही सगळं कळणार, कारण इथं रोजचं तसंच आहे. हे मला कुणीतरी काढलेलं बघायचंय, मनापासनं.

असल्या जादूच्या चित्रकथेला आमच्याकडं जागा तर तयारच आहे. बेळगावचा किल्ला, भोवती खंदक, आत शिरताना दुर्गेचं देऊळ, आत कमल बस्ती हे जैन मंदिर आणि सफा मशीद, शेजारी मिलिटरीचा कॅम्प. एवढं सगळं एका जागी, आणि आपण तिथं पोरांना फिरवून आणतो नि परत येतो.

चित्र काढणारं कोण निपाणी-खानापूर-बेळगावकडचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. पहिलं पान माझ्या डोक्यात आहे: आषाढातला पाऊस, खंदकाच्या कडेला एकटा रिक्षावाला, आणि पाण्यातनं कुणीतरी त्याला नावानं हाक मारतंय, त्याच्या आज्जीच्या आवाजात.