टीसीएलचं पाणी 'विष' म्हणून जार लावणाऱ्यांसाठी

पावसाळा लागला की तोच मेसेज परत फिरायला लागतो. गावच्या ग्रुपवर आला, मावशीनेही फॅमिली ग्रुपवर टाकला. थोडक्यात असा: ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर (जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) टाकते ते विष आहे, त्याने कॅन्सर होतो, आपले आजे-पणजे विहिरीचं साधं पाणी पिऊन नव्वदी गाठायचे, म्हणून आरओचा जार लावा, नाहीतर निदान तुरटी फिरवा. एकेक बघू.

आधी विष. पावडर चमच्याने खाल्ली तर त्रास होणारच, कोण नाही म्हणतंय, पण डोस बघा ना. पावडर चांगली असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. नळाला पाणी येताना लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक लागतो, आणि डब्ल्यूएचओची वरची मर्यादा आहे ५ मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीसपट. मग एखाद्या दिवशी घोट घेववत नाही एवढा वास का येतो? बरेचदा पावडर तशीच टाकीत ओतलेली असते म्हणून. ती बादलीत कालवायची, तिच्यातला चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची आणि अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. एवढा वेळ कोण काढतो! भांडायचं तर ह्यावरून भांडा की.

कॅन्सरच्या मुद्द्यात पाव आणा तथ्य आहे. पाण्यात पालापाचोळा, गाळ असला की क्लोरीनशी मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची रसायनं तयार होतात आणि वर्षानुवर्षं ती जास्त प्रमाणात पोटात जाणं चांगलं नाही. पण डब्ल्यूएचओच सांगते की त्या भीतीने निर्जंतुकीकरणात कसूर करू नका, न केल्याचा धोका कितीतरी मोठा. उपाय म्हणजे पाणी आधी गाळून, निवळून घेणं. अमेरिकेत जर्सी सिटीला १९०८ पासून अशीच पावडर शहराच्या पाण्यात टाकायला सुरुवात झाली, तिथेही तेव्हा विषाचीच ओरड झाली आणि कोर्टातही त्यावर वाद झाला, निकाल क्लोरीनच्या बाजूने लागला.

आता आजोबा. गावाच्या वेशीवर मरीआईचं देऊळ कशाला बांधलंय हो? पटकी (कॉलरा) आली की घरंच्या घरं रिकामी व्हायची म्हणून. नव्वदीचे आजोबा फोटोत दिसतात, त्यांची लहानपणीच गेलेली भावंडं कुणाला आठवतात? आज वारीच्या वाटेवर विहिरी आणि टँकरमध्ये आरोग्य खात्याची माणसं टीसीएल टाकत फिरतात ते काय हौस म्हणून?

आणि जार. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा महापालिकेने खासगी आरओ प्लांटचंही पाणी तपासलं, बऱ्याच ठिकाणी ते पिण्यालायक नव्हतं आणि प्लांट सील करावे लागले. हे असं का होतं ते समजून घ्या: आरओ मशीनमध्ये कार्बन फिल्टर असतो, तो क्लोरीन काढून टाकतो. म्हणून तर पाणी गोड लागतं. पण मग जार नीट धुतला नसेल, तोटीला हात लागला, झाकण उघडं राहिलं, तर आत गेलेल्या जंतूंना मारायला त्या पाण्यात काहीच उरलेलं नसतं. शिवाय हे सुटे जार सीलबंद नसतात, त्यांना आयएसआय मार्कही नसतो.

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरतील असा भरवसा नाही. विषय संपला.

हां, अकोला-अमरावतीकडचा खारपाणपट्टा किंवा यवतमाळमधली फ्लोराइडवाली गावं, तिथली गोष्ट वेगळी. क्षार आणि फ्लोराइड टीसीएलने जात नाहीत, तिथे आरओसारखा वेगळा उपाय लागतोच.

बाकीच्यांनी मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा पंचायतीच्या जलसुरक्षकाला लाइनीच्या शेवटच्या घरी बोलवा आणि तिथल्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ऑर्थोटोलिडिन चाचणी) करायला लावा, नळीत पाणी घेऊन त्या द्रावणाचे थेंब टाकायचे, मिनिटाचं काम. पिवळं झालं तर क्लोरीन पोचतोय. रंगच आला नाही तर पोतं बघायला मागा, कधीचं आहे, तोंड बांधलंय का, कारण उघड्या पावडरीतला क्लोरीन दमट हवेत उडून जातो, मग कितीही टाका, टाकीत नुसता चुनाच पडतो.