केंटमधून: कराराविना बाहेर पडणं

पुण्यातल्या नातेवाइकांशी व्यापाराचा विषय निघाला की एक मुद्दा हमखास येतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने बँकॉकला ‘आरसेप’ हा आशियाई देशांचा मोठा व्यापार करार नाकारला, ब्रिटननेही युरोपीय संघातून बाहेर पडताना (ब्रेक्झिट) युरोपला ठणकावलं. पटलं नाही तर असंच उठून यावं. आग्नेय इंग्लंडमधल्या केंटमध्ये राहून मला ही दोन उदाहरणं एका पंगतीला बसवता येत नाहीत.

भारत त्या करारात शिरलाच नव्हता. न्यूझीलंडच्या दूध भुकटीची धास्ती आपल्या दूध उत्पादकांना होती आणि ती रास्त होती. नकार दिल्यावर दुसऱ्या दिवशी कुणाचा टेम्पो अडला नाही. ब्रिटन मात्र १९७३पासून युरोपच्या सामायिक बाजारात होता. मोटारींचे सुटे भाग इंग्लिश खाडीच्या अल्याडपल्याड फिरत, वेल्सच्या मेंढ्यांचं मटण फ्रान्सला जाई. बाहेर पडताना व्यापार करार झाला नसता तर मोटारींवर १० टक्के, त्या मटणावर ४० टक्क्यांहून जास्त शुल्क रातोरात लागलं असतं. ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातलं आयर्लंड यांच्या सीमेवर पुन्हा चौक्या येण्याची भीती होती, हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८च्या शांतता करारानंतर!

कराराविना बाहेर पडल्यास काय होईल, हे मांडणारा ब्रिटिश सरकारचा स्वतःचा ‘यलोहॅमर’ आराखडा सप्टेंबर २०१९ मध्ये संसदेच्या दबावाने बाहेर आला. युरोपातून येणाऱ्या औषधांपैकी सुमारे तीन चतुर्थांश केंटमधल्या डोव्हर बंदराजवळच्या चिंचोळ्या सागरी मार्गाने येतात आणि तिथली ट्रकची वाहतूक निम्म्यावर येऊ शकते, असं त्यात होतं. ज्यांच्या घरी रोज इन्शुलिन लागतं त्यांनी हे कसं वाचलं असेल?

शेवटी २४ डिसेंबर २०२० रोजी करार झाला, जुन्या व्यापार व्यवस्थेची मुदत संपायला आठवडा उरला असताना. त्याच आठवड्यात करोनाच्या नव्या प्रकारामुळे फ्रान्सने सीमा बंद केली, जेमतेम दोन दिवस. हजारो ट्रक केंटमध्ये अडकले. ग्रेव्हझेंडच्या गुरुद्वारातून चालकांसाठी छोले-भात गेला. बंद सीमा म्हणजे काय, ते तेव्हा इथे सगळ्यांनी पाहिलं.

आपल्याकडे हे लासलगावला विचारावं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एका आदेशाने थांबली, तेव्हा बाजार समितीत भाव कसे कोसळले ते तिथला शेतकरी सांगेल.

भारत-ब्रिटन व्यापार कराराच्या वाटाघाटी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या, सह्या जुलै २०२५ मध्ये झाल्या. इतकी वर्षं एकेका शुल्कासाठी चिवटपणे भांडत राहणाऱ्या अधिकाऱ्यांचं आपल्या घरांत कुणी कौतुक करत नाही, उठून येणाऱ्यांचं मात्र करतात. हे मला मनापासून खटकतं.