खुलासा: ढगाळ हवेतही कपडे दोरीवर वाळतात

‘ऊन नसेल तर कपडे दोरीवर वाळत नाहीत आणि ड्रायरला वीज पंख्याइतकीच लागते,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पंखा साधारण 50 ते 75 वॉटचा असतो. हीटरवर चालणारा ड्रायर 2,000 वॉट किंवा त्याहून जास्त वीज ओढतो, कारण पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागतेच: एका लिटरला सुमारे 0.65 युनिट. दोरीवर हीच उष्णता आजूबाजूची हवा फुकट पुरवते. हीट पंपच्या, म्हणजे तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या ड्रायरला वीज बरीच कमी लागते हे खरं, पण लागतेच.

उन्हाने काम लवकर होतं, एवढंच. वाळवते ती वाहती हवा. म्हणून कपडे दाटीवाटीने टाकू नका, जाड कपड्याचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटू देऊ नका. आणि त्याआधी मशीनमध्ये जास्त वेगाने पिळून घ्या! पिळायला लागणारी वीज पाणी तापवून उडवण्याच्या मानाने अगदी किरकोळ असते. ही सोय हाताशी असून वापरली जात नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

बंद खोलीत वाळत घातल्यास मात्र ओल भिंतींवर बसते, बुरशी धरते. खिडकी उघडी ठेवा.